लेखकाची चौकट

४ फेब्रुवारी

प्रिय सुई,

आज माझ्यावर एक घोर अन्याय झाला आहे. दाद कुठे मागायची ते कळत नाही, म्हणून मावसबहिणीकडे मागतो. तू सांगितलंस त्या इंटरनेटवरच्या लेखांच्या डिरेक्टरीवर मी खातं उघडलं. तिथे 'लेखकाची ओळख' असा एक रकाना आहे, पन्नास शब्दांचा. मी एकावन्न लिहिले. माणूस असता तर म्हणाला असता, असू द्या, एका शब्दाने काय आभाळ कोसळतंय. यंत्राने एकावन्नावा कापला. आता जगासमोर माझी ओळख अशी संपते: 'गेली कित्येक वर्षं विनोदी सदरं लिहून वाचकांच्या चेहऱ्यावरचं हसू त्यांनी मावळू दिलं.' शेवटचा 'नाही' एकावन्नावा होता. तुझ्या वहिनीला दाखवलं तर ती म्हणाली, राहू दे, कशाला बदलतोस.

असो. तुझा परत आलेला लेख वाचला. चामड्यातून तू जेवढी सरळ जातेस, तेवढीच लेखात वाकडी गेलीस. अगं, मथळ्यात फोन नंबर कोण घालतं? आणि दुकानाचं नाव? एका पानात मी दहापर्यंत मोजलं, मग बोटं संपली. ज्यांचा एक पाय आखूड त्यांना सरळ उभं करणारे बूट तू शिवतेस, आणि लेख टाकलास 'फॅशन'मध्ये! तिथे बसलेला तपासनीस काय समजला असेल? वर तोच लेख एकाच दिवशी चार ठिकाणी धाडलास, कानामात्रा न बदलता. एकाच मुलीचं स्थळ चार घरी एका दिवशी सांगून गेलं आणि ती चारही घरं एकमेकांच्या शेजारी निघाली, तर काय होतं? तेच झालं.

त्यांची नियमावली वाचली असतीस तर हे सगळं टळलं असतं. लोक नियम वाचत नाहीत आणि मग नशिबाला बोल लावतात. मसुदा माझ्याकडे पाठव. मी आहे ना.

तुझा,
दादा


९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मशिनीपाशी बसून वाचलं आणि दोनदा टाका चुकला. म्हणजे हसले असं समज. फोनवर बोललो असतो तर बरं झालं असतं, पण मशीन चालू असली की मला ऐकू येत नाही आणि बंद असली की तू लिहीत असतोस.

मला लेखिका व्हायचं नाही रे. इथे असं असं दुकान आहे एवढं लोकांना कळलं की झालं. खालचा सायकलवाला गाळा सोडतोय. मालकाने आधी मला विचारलंय. गिऱ्हाईक थोडं वाढलं तर हो म्हणेन. पायाने अधू माणसं जिना चढून माझ्याकडे येतात आणि मी वर बसून त्यांच्या धापा ऐकते, ह्याची मला लाज वाटते. तू ह्यावर काहीतरी बोलणार आहेस हे माहीत आहे. बोलू नकोस.

भूमितीच्या बाई मात्र कधी तक्रार करत नाहीत. त्यांच्याबद्दल तुला बोलले होते का? शाळेत शिकवतात. डावा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे डाव्या बुटाचा तळ चांगला चार बोटं जाड लागतो. त्यांचं पाऊल मी पहिल्या पायरीवर ओळखते. एक जड, एक हलकं. ठक, टप. ठक, टप. आवाज आला की मी चहाचं आधण ठेवते, त्या वर येईपर्यंत उकळतं. 'माझी घंटा ऐकलीस वाटतं,' म्हणतात. हे आपलं उगीच सांगितलं.

लेख सोबत जोडलाय. बुटाची टाच कुठल्या बाजूने झिजते त्यावरून चाल कशी ओळखायची, एवढंच आहे त्यात. माझाच राहू दे. फक्त नीट कर.

सुई


१५ फेब्रुवारी

प्रिय सुई,

उगीच सांगितलेलं असतं तेच खरं साहित्य. बाकी सगळी माहितीपत्रकं.

लेख गेला. एका ठिकाणी नाही, डझनभर ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेशात: मथळा वेगळा, सुरुवात थोडी हलवलेली, म्हणजे 'तोच माल पुन्हा' असं कोणी म्हणायला नको. वर्ग निवडला 'आरोग्य: पाय आणि चाल'. शब्द मोजून. शुद्धलेखन असं की व्याकरणवाल्यांनी आरती ओवाळावी. दुकानाचं नाव लेखात एकदाही नाही! ते जिथे शोभतं तिथे आहे, खाली, लेखकाच्या चौकटीत: तुझं नाव, धंदा, पत्ता.

ह्या चौकटीची गंमत तुला कळली नसेल, म्हणून सांगतो. डिरेक्टरीतला लेख कोणीही उचलून आपल्या पानावर फुकट छापू शकतो. अट एकच, चौकट कापायची नाही. म्हणजे लेख जाईल तिथे तुझा पत्ता त्याच्या शेपटीला बांधलेला. जाहिरात करायला जन्म घालवतात लोक, आणि इथे परकी माणसं तुझी पालखी वाहणार.

शेवटी 'मी असं घोषित करतो की' वाले चौकोन होते, एकाखाली एक. सगळ्यांत टिचक्या मारल्या. ते काय कोणी वाचतं?

तुझा टाचेचा भाग ठेवलाय, थोडा आवरून. सुरुवातीला फक्त एक छोटीशी गोष्ट जोडली. वाचकाला आधी हसवावं लागतं, मग तो टाच दाखवतो.

तुझा,
दादा


२ मार्च

दादा,

पालखी खरंच निघाली. गेल्या आठवड्यात नवी माणसं आली, एक तर पार गावाबाहेरून, बायकोला घेऊन. मालकाला निरोप दिलाय की गाळा कोणाला देऊ नका.

लेख पूर्ण वाचायला अजून बसले नाही. सांजेला डोळे चामड्यातच राहतात. पण एक विचारायचं होतं. परवा आलेला माणूस जिन्यावरूनच विचारत आला, 'ती हातोडेवाली बाई इथेच येते का?' आणि हसला. मला कळलं नाही, मीपण हसले. हातोडा कसला?

भूमितीच्या बाईंचा नवा जोड तयार आहे. एकदा पाय घालून बघायला यायच्या होत्या, आल्या नाहीत. आजारी असतील. शाळेत परीक्षा असतील.

सुई


५ मार्च

प्रिय सुई,

हातोडा ही आपली लेखनातली एक युक्ती गं. आवाजाची उपमा. निरुपद्रवी. त्याच मथळ्याचा लेख सगळ्यांत जास्त वाचला गेलाय, आणि किती जणांनी उचललाय ते सांगितलं तर तू गाळाच काय, इमारत मागशील. उगीच सगळं वाचत बसू नकोस, डोळे जपून वापर. तुला माहीत आहे त्यातलंच आहे सगळं.

बाई येतील. शिक्षकांना परीक्षेच्या दिवसांत पाय असतात हेच आठवत नाही.

दादा


१६ मार्च

दादा,

वाचला.

तू लिहिलंयस, 'माझ्या गिऱ्हाइकांत एक बाई आहे. ती जिना चढू लागली की शेजारी भिंतीला हात लावून उभे राहतात, घर पाडायला हातोडा आला असं वाटून. ठक, टप. जन्मभर पोरांना भूमिती शिकवली, पण स्वतःच्या दोन बाजू काही समान करता आल्या नाहीत.' आणि खाली चौकटीत माझं नाव.

ह्या भागात शाळेत भूमिती शिकवणारी, जाड तळाचा बूट घालणारी बाई किती असतील असं तुला वाटलं?

मी काल त्यांच्या घरी गेले. दार उघडलं तर पायात पातळ चपला. रबरी. दोन्ही सारख्या. एका हाताने भिंत धरून चालत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, चपलांचा आवाज होत नाही. मग हळूहळू सांगितलं. तो लेख पोरांच्या फोनवर फिरलाय. वर्गाकडे निघाल्या की बाकांवर सुरू होतं, एक जोरात, एक हळू. ठक, टप. कोण वाजवतं ते कळत नाही, आत गेलं की सगळी शहाण्यासारखी वहीत बघतात. आधी एकच वर्ग होता. आता त्या मधल्या वाटेने निघाल्या की पुढचे वर्गही वाजवतात. चपला घातल्यापासून थांबलंय. कंबर रात्रभर ठणकते, पण थांबलंय. म्हणाल्या, पाय ओढत बावीस वर्षं शिकवलं, कुणी हसलं नव्हतं, कारण कुणाला हसायचं कसं ते सुचलं नव्हतं.

मला विचारलं, 'तू लिहिलंस?' मी हो म्हटलं.

काय सांगणार होते? माझ्या तोंडचं घेऊन माझ्या भावाने लिहिलं आणि मी न वाचता माझं नाव देऊ केलं? चौकट माझी आहे. तूच समजावून दिलं होतंस.

जोड तिथेच ठेवून आले. त्यांनी पिशवीसकट परत पाठवला.

सुई


१८ मार्च

सुई,

तुझं पत्र वाचल्यापासून जेवण गेलं नाही. खरं तर मला बाईंची चेष्टा करायची नव्हतीच, उलट त्यांचं कौतुक होतं त्यात, शेवटच्या परिच्छेदात त्यांच्या जिद्दीबद्दल एक वाक्य होतं, ते काही ठिकाणी शब्दमर्यादेसाठी काढावं लागलं. खरं तर विनोदात थोडी अतिशयोक्ती गृहीतच असते. आणि पोरं काय, आज हातोडा, उद्या दुसरं काही. खरं तर नाव कुठेही नाही. मी सगळे लेख आजच काढतो. तू काळजी करू नकोस. बाईंना मात्र तू सांगितलंस तेच राहू दे तूर्त. आता मधेच मी उगवलो तर त्यांना आणखी त्रास.

दादा


२१ मार्च

दादा,

तुझ्या पत्रात 'खरं तर' तीनदा आहे. दहापर्यंत मोजायला वेळ नव्हता.

'त्यांना त्रास' म्हणजे कुणाला, तेही एकदा लिहून कळव.

सुई


२ एप्रिल

सुई,

डिरेक्टऱ्यांवरचे सगळे लेख उतरवले. खाती माझ्याच ईमेलवर होती, एका दुपारीत काम झालं. मग उचललेले शोधायला बसलो. एक दळणाच्या गिरणीचं पान, एका जिमचं, एका चपलांच्या कारखान्याचं, दोन निव्वळ विनोदांची. प्रत्येकाखाली तुझी चौकट, इमानदारीने राखलेली. एकानेही कापलेली नाही. जगात एवढी प्रामाणिक माणसं आहेत हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

सगळ्यांना लिहिलं. काहींनी लगेच काढलं, गिरणीवाल्याने तर माफी मागितली, चूक माझी असून. उरलेले म्हणतात, तुम्हीच फुकट वापरायला दिलात, आता परत कसा मागता? ज्या व्यक्तीवर लिहिलंय तिने स्वतः सही करून हरकत घेतली तर काढू.

मग मी ते घोषणेचे चौकोन पहिल्यांदा वाचले. तिसरा असा होता: 'लेखात ओळखता येईल अशी व्यक्ती असल्यास तिची परवानगी मी घेतली आहे.' त्यात टिचकी माझी आहे. डझनभर वेळा मारलेली. तुला मथळ्यातल्या फोन नंबरावरून मी पानभर सुनावलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मला. त्रास मला होईल. त्यांच्या दारात उभं राहून 'मी' म्हणायचं धाडस होत नाही. इतकी वर्षं लोकांना टोपणनावांनी बोचकारलं, पण समोर कधी कोणी आलं नाही. लोक वर्तमानपत्राची घडी घालून ठेवतात, संपलं. सहीचं तेवढं तू विचारशील का? तुझं त्यांच्याकडे जाणं-येणं आहे.

दादा


४ एप्रिल

दादा,

जाणं-येणं होतं.

मी विचारणार नाही. तू पुढे होईपर्यंत मला त्यांच्याशी खोटंच बोलावं लागतंय, आणि त्यांना कळतंय असं मला वाटतं. परवा रस्त्यात दिसल्या. रस्ता ओलांडताना मधेच थांबल्या, खांबाला धरून. मी पलीकडे उभी होते. हाक मारायला तोंड उघडलं नाही माझं. पाच वर्षं तो पाय हातात घेतलाय मी, आणि हाक मारायची चोरी झाली.

मालकाला गाळ्यासाठी नाही कळवलंय. त्या लेखाने आलेल्या गिऱ्हाइकाच्या जिवावर मला खाली उतरायचं नाही.

शाळा चारला सुटते. त्या उशिरापर्यंत शिक्षकांच्या खोलीत बसतात, जिना रिकामा झाल्यावर उतरतात.

सुई


१७ एप्रिल

प्रिय सुई,

जाऊन आलो. क्रमाने सांगतो, कारण क्रम मोडला की मी स्वतःला बरा दाखवायला लागतो.

शिक्षकांच्या खोलीत त्या एकट्या होत्या. लांब टेबल, त्यावर वह्यांचे ढीग, खिडकीशी एक पाणी न घातलेली कुंडी. मी येताना तीन वाक्यं पाठ करून आलो होतो. पहिल्यात 'दिलगिरी' होती, दुसऱ्यात 'हेतू'. दारात उभं राहिल्यावर तिन्ही गेली. म्हटलं, तो बुटांचा लेख माझा आहे. तुमच्या बुटवाल्या सुईचा भाऊ मी. तिने एक ओळही लिहिलेली नाही, तिला छापल्यावर कळलं.

हातातली वही तपासून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. ती वही फार लांबलचक असावी. मग म्हणाल्या, "बसा. उभ्या माणसाकडे मान वर करून बघायची मला सवय नाही, पोरं बसलेली असतात."

बसलो.

"तिने लिहिलं नाही ते मला पहिल्या चार ओळींत कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ज्याने पाय हातात घेतलाय तो असं लिहीत नाही. मला राग आला तो ती माझ्या तोंडावर 'हो, मीच' म्हणाली ह्याचा. कुणासाठी तरी खोटं बोलत होती. मी वाट बघत होते, तो कुणीतरी कधी येतो त्याची."

मी म्हटलं, उशीर झाला. त्या म्हणाल्या, झाला.

मग मला वाटलं त्या रागावतील, आणि खरं सांगतो, रागावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. पण त्यांनी विचारलं, ते दोन बाजूंचं वाक्य लिहायला वेळ लागला का? मी म्हटलं, नाही, एकदम सुचलं. त्यांनी मान हलवली. "वाक्य चांगलं आहे. दुसऱ्या कुणावर असतं तर मीही हसले असते. वर्गात वाचूनसुद्धा दाखवलं असतं." आणि वही मिटली.

सुई, मला आजवर पुष्कळ शिव्या बसल्या आहेत. पण माझ्या वाक्याचं कौतुक ऐकून खाली बघावं लागलं, हे पहिल्यांदाच.

मी हरकतीचे कागद पुढे केले, उरलेल्या पानांसाठी. मजकूर मी आधीच टाईप केला होता. त्यांनी वाचला, आणि 'सदर लेखातील अनवधानाने झालेल्या उल्लेखामुळे' ह्यातलं 'अनवधानाने' खोडलं. म्हणाल्या, हे नव्हतं. मीही म्हटलं, नव्हतं. मग मला म्हणाल्या, प्रत्येक कागदावर खाली लिहा की लेख कोणी लिहिला. पूर्ण नाव. माझ्या खिशात पेन नव्हतं, त्यांनी आपलं दिलं. मी प्रत्येक कागदावर नाव, पत्ता, धंदा लिहिला. पन्नास शब्द लागले नाहीत. मग त्यांनी सह्या केल्या.

पोरांचं काय करू, असं मी विचारलं. वर्गांत येऊन मीच सांगू का, तो बावळटपणा माझा होता म्हणून? त्या म्हणाल्या, नको, तुम्ही आलात की ते पुन्हा हसतील, तुमचा तो धंदाच आहे. त्यांचं मी बघते. कसं, ते सांगितलं नाही, आणि विचारायचा मला हक्क नव्हता.

निघताना त्या उठल्या, टेबलाची कड धरून. त्या चपला मी पाहिल्या. तू लिहिलं होतंस तेव्हा मी नुसत्या वाचल्या होत्या. मी जिन्यापर्यंत सोबत येऊ का म्हटलं, तर म्हणाल्या, तुम्ही पुढे व्हा, मला कुणी मागे असलेलं आवडत नाही. मी पुढे झालो. खालपर्यंत आलो तरी वरून काहीच ऐकू आलं नाही.

तुझ्यासाठी निरोप आहे. मी तो जसाच्या तसा लिहितो, एकही शब्द न सुधारता. "तिला म्हणावं, शनिवारी मी जोड घालून बघायला येईन. आणि पुन्हा कुणासाठी माझ्याशी खोटं बोललीस तर मी रबरी चपलांतच मरेन."

गाळ्याबद्दल मी काही बोलणार नाही. तो तुझा निर्णय. तुझा मूळ लेख, टाचेचा, तुझ्याच शब्दांत, मी हात न लावता एका ठिकाणी पाठवलाय. एकाच. तिसरा चौकोन वाचून. त्यात माणूस नाही, नुसती टाच आहे.

कागद काल टपालाने आणि ईमेलने, दोन्हींनी गेले. जिमवाल्याने आज काढलं. विनोदवाल्यांपैकी एकाने काढलं, दुसऱ्याचं उत्तर नाही, त्याच्या मागे लागलोय.

आणि एक राहिलं. बाईंचं पेन माझ्या खिशात घरी आलं. तांबड्या शाईचं, टोपणाला दातांच्या खुणा आहेत. वह्या तपासताना चावत असाव्यात. सगळे कागद लिहून त्याची शाई संपत आली होती. नवी कांडी आणून घातली, रद्दीच्या कागदावर ओढून बघितली, मग पाकिटात घालून आज सकाळी शाळेच्या ऑफिसात ठेवून आलो. शिपायाने विचारलं, कुणासाठी? मी पाकिटावर त्यांचा विषय लिहिला.

आत चिठ्ठी घातली नाही.

दादा